इंग्लंडमधलं जुनं गावचर्च पाहायचं कसं

इंग्लंडमध्ये नव्यानं राहायला आलेली मराठी मंडळी पहिल्या वर्षभरात लंडन, स्टोनहेंज, लेक डिस्ट्रिक्ट उरकतात. वाटेतल्या गावांमधली जुनी चर्च मात्र गाडीच्या काचेतूनच मागे पडतात. कुणी आत डोकावलंच, तर गारठा, लाकडी बाकं आणि दोन रंगीत खिडक्या पाहून पाच मिनिटांत बाहेर. त्यांना दोष देता येत नाही. काय पाहायचं हे माहीत नसेल तर तिथे खरोखरच फारसं काही दिसत नाही.

चर्च ऑफ इंग्लंडकडे आजही सुमारे १६,००० चर्च आहेत आणि बहुतेक खेड्यांत गावातली सगळ्यात जुनी उभी वास्तू तीच असते. नवखा माणूस पहिल्यांदा विचारतो, ‘हे कधी बांधलं?’ याला सहसा एक उत्तर नसतं. भिंत बाराव्या शतकातली, खिडकी चौदाव्या, छत पंधराव्या आणि बाकं व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, असा मामला. म्हणून माझा सल्ला असा की समोर दिसेल त्या भागाबद्दल ‘याचे पैसे कुणी मोजले?’ हे विचारत चला. काळाचा अंदाज त्यातूनच येत जातो.

पायरी १: निघण्यापूर्वी

गावातल्या चर्चला तिकीट नसतं. तिकिटं असतात ती काही मोठ्या कॅथीड्रलना. बरीच चर्च दिवसा उघडी असतात. कुलूप दिसलं तर पोर्चमधला सूचनाफलक वाचा, चावी गावात कुणाकडे मिळेल ते तिथे लिहिलेलं असतं. बेल वाजवून चावी मागायला संकोच करू नका. चावी सांभाळणाऱ्या आजी-आजोबांकडून कधी कधी माहितीपत्रकापेक्षा जास्त कळतं. रविवारी सकाळी प्रार्थना असते, ती संपल्यावर जा. किंवा सरळ मागच्या बाकावर बसून घ्या, कुणी हरकत घेत नाही.

सोबत दुर्बीण आणि विजेरी हवीच. छतावरचे देवदूत दुर्बिणीशिवाय नुसते ठिपके दिसतात. विजेरी भिंतीला चिकटवून तिरकी धरली की सपाट वाटणाऱ्या दगडावर कोरलेली अक्षरं उठून येतात. उन्हाळ्यातही एखादा स्वेटर घ्या.

पायरी २: आत शिरू नका, आधी बाहेरून फेरी मारा

ही पायरी सगळे गाळतात, आणि निम्मी गोष्ट इथेच असते.

दिशा लक्षात ठेवायला सोपी: वेदी पूर्वेला, टॉवर बहुधा पश्चिमेला, आत जायचं पोर्च बहुधा दक्षिणेला. लोकांची ये-जा दक्षिणेकडून, त्यामुळे खर्च आणि नटवणंही तिकडेच. उत्तरेची बाजू गार, शेवाळलेली आणि दुर्लक्षित. म्हणून जुनी छोटी खिडकी किंवा बुजवलेलं दार शोधायचं असेल तर उत्तरेच्या भिंतीकडे जा.

मग दगड पाहा. रेल्वे येण्यापूर्वी दगड दूरवरून आणणं भयंकर महाग होतं, त्यामुळे जमिनीखाली जे होतं तेच भिंतीत आलं. कॉट्सवोल्ड्समध्ये मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड, कॉर्नवॉलमध्ये ग्रॅनाइट, हेरफर्डशरमध्ये लालसर वालुकाश्म. नॉरफक आणि सफक या पूर्वेकडच्या परगण्यांत घडवता येईल असा दगड जवळजवळ नाहीच, आहेत त्या गारगोट्या. गारगोट्यांच्या भिंतीला कोपरा काढायचा तर बाहेरून घडीव दगड विकत आणावा लागतो. तिकडे गोल टॉवर इतके का, याचं एक कारण हेच सांगतात. अभ्यासक त्यावर अजून वाद घालतात, पण इंग्लंडमधल्या सुमारे १८० गोल टॉवरांपैकी बहुतेक या दोन परगण्यांतच आहेत, हे खरं. तेव्हा नॉरफकच्या एखाद्या चर्चच्या कोपऱ्यात घडीव चुनखडीचा दगड दिसला, तर त्या गावानं तो पैसे मोजून लांबून आणवला आहे हे पक्कं समजा.

दगड कधी कधी त्याहून जुन्या इमारतीतून उचललेला असतो. डरहॅम परगण्यातलं एस्कम इथलं चर्च सातव्या शतकातलं आहे. उंच, अरुंद, जवळजवळ बिनखिडक्यांचं. त्याचे दगड आले जवळच्या बिनचेस्टरच्या पडक्या रोमन किल्ल्यातून. उत्तरेच्या भिंतीत रोमन सैन्याच्या सहाव्या लीजनचं नाव कोरलेला एक दगड चक्क उलटा बसवलेला आहे. गवंड्याला वाचता येत नव्हतं की त्याला फिकीर नव्हती, ज्यानं त्यानं ठरवावं. माझं मत विचाराल तर आयुष्यात एकच इंग्लिश चर्च पाहायचं असेल तर हे पाहा.

तिसरी गोष्ट म्हणजे सांधे. टॉवरच्या पूर्वेच्या अंगावर उलट्या ‘व्ही’सारखी दगडी रेघ दिसली, तर ती जुन्या उतरत्या छपराची खूण असते. म्हणजे पुढे कधीतरी भिंती उंचावून, वर खिडक्यांची रांग काढून, छप्पर चपटं केलं गेलं. भिंतीत मध्येच उभी फट दिसते, एका बाजूचे दगड मोठे आणि दुसऱ्या बाजूचे लहान असतात. तिथे एक बांधकाम संपून दुसरं सुरू झालेलं असतं. बुजवलेल्या कमानी मोजा. मला स्वतःला कोरीव कामापेक्षा हे सांधे शोधायलाच जास्त आवडतं.

पायरी ३: कमानीवरून काळ ओळखणं

इंग्लिश मध्ययुगीन वास्तुशैलींची आज वापरात असलेली नावं थॉमस रिकमन यानं १८१७ मध्ये रूढ केली. पाठ करायला फार नाही.

१०६६ च्या नॉर्मन स्वारीपूर्वीचं काम सॅक्सन. भिंती उंच पण त्या मानानं पातळ, खिडक्या अगदी लहान, काही खिडक्यांचा माथा नुसता त्रिकोणी. कोपऱ्यात एक उभा लांब दगड, त्यावर एक आडवा, पुन्हा उभा, अशी रचना दिसली की सॅक्सन म्हणायला हरकत नाही. नॉर्थम्प्टनशरमधल्या अर्ल्स बार्टनचा टॉवर याचा उत्तम नमुना आहे.

त्यानंतर नॉर्मन, साधारण ११९० पर्यंत. जाडजूड भिंती, बुटके गोल खांब, अर्धगोल कमानी आणि कमानीवर नागमोडी नक्षी. हेरफर्डशरमधल्या किलपेकला जा. ११४० च्या आसपासचं छोटंसं चर्च, पण दक्षिण दाराभोवती साप, पक्षी आणि वेलीत गुंतलेले योद्धे कोरलेले आहेत. छपराखाली भिंतीतून पुढे आलेले ऐंशीहून जास्त दगड आहेत आणि प्रत्येकावर वेगळा चेहरा: एकमेकांना टेकून बसलेले कुत्रा आणि ससा, डुक्कर, कुस्ती खेळणारे. एक उघडीवाघडी बाईही आहे, दोन्ही हातांनी आपली योनी फाकवून दाखवणारी. ती देवाच्या घरावर काय करते आहे, यावर शेकडो पानं लिहिली गेली आहेत आणि एकमत नाही. खजुराहो पाहिलेल्या माणसाला धक्का बसायचं कारण नाही.

बाराव्या शतकाच्या अखेरीस कमान टोकदार झाली आणि पुढची साडेतीनशे वर्षं तशीच राहिली. या काळात खिडक्यांवर नजर ठेवा. अरुंद, भाल्याच्या पात्यासारखी एकेकटी खिडकी तेराव्या शतकातली, शैली अर्ली इंग्लिश. रुंद खिडकी आणि तिच्या माथ्यावर ज्वाळांसारखी, पानांसारखी वळणारी दगडी जाळी म्हणजे डेकोरेटेड, साधारण १३५० पर्यंत. आणि दगडी दांडे तळापासून माथ्यापर्यंत सरळ उभे गेलेले, खिडकी जवळजवळ भिंतीएवढी, तर पर्पेंडिक्युलर. ही शेवटची शैली इंग्लंडबाहेर सहसा सापडत नाही.

१३५० हे वर्ष नुसतं शैली बदलण्याचं नाही. १३४८-४९ च्या ‘काळा मृत्यू’ म्हटल्या जाणाऱ्या प्लेगमध्ये देशातली तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली. कित्येक ठिकाणी गवंडीच उरले नाहीत आणि काम अर्ध्यावर थांबलं. हर्टफर्डशरमधल्या ॲशवेल चर्चच्या टॉवरमध्ये, आतल्या भिंतीवर, कुणीतरी १३५० मध्ये लॅटिनमध्ये खरडून ठेवलं आहे की काळ क्रूर आहे, साक्ष द्यायला उरलाय तो फक्त लोकांचा गाळ. त्याखाली काही वर्षांनी आलेल्या भीषण वादळाची नोंद. विजेरी तिरकी धरायला सांगितली ती यासाठीच.

मुंबईत असाल तर कमानींचा सराव कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्येही करता येईल. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेलं हे चर्च १८५८ मध्ये प्रार्थनेसाठी अर्पण झालं आणि त्याचं टोकदार शिखर १८६५ मध्ये पुरं झालं. इंग्लंडमधल्या गावचर्चचं, तेराव्या-चौदाव्या शतकाच्या धाटणीचं, हे व्हिक्टोरियन रूप. शैली कळते, सांधे मात्र दिसत नाहीत, कारण ते एका आराखड्यानुसार एकाच काळात उभं राहिलं.

पायरी ४: आत गेल्यावर आधी हद्द शोधा

बूट काढायचे नाहीत. पुरुषांनी टोपी काढायची, बायकांनी डोकं झाकायची गरज नाही. चिखलाचे बूट बाहेर काढा असा फलक कुठे कुठे असतो, तो फरशीसाठी. दाराबाहेर जाळीचं दुसरं दार असेल तर ते नक्की लावा. आत शिरलेला पक्षी बाहेर पडता न आल्यानं मरतो.

लोकांनी बसायचा मोठा भाग तो नेव्ह, आणि पूर्वेकडे वेदी असलेला लहान, बहुधा थोडा उंचावलेला भाग तो चॅन्सल. आपल्या देवळातला सभामंडप आणि गाभारा डोळ्यांपुढे आणा. दोहोंमधल्या कमानीखाली उभे राहा, कारण खर्चाची हद्द इथूनच जायची. चॅन्सलची डागडुजी रेक्टरनं करायची, म्हणजे गावानं चर्चला द्यायच्या पिकाच्या दहाव्या हिश्शातला, दशांशातला, मोठा वाटा ज्याला मिळायचा त्यानं. नेव्हची डागडुजी गावकऱ्यांनी. रेक्टर म्हणजे कधी दूरचा मठ, कधी ऑक्सफर्डचं एखादं कॉलेज. गावाची भरभराट झाली की नेव्ह उंच, उजळ आणि रुंद व्हायचा, आणि चॅन्सल आपलं दोनशे वर्षं मागे, बुटकं, अंधारं. कधी याच्या बरोबर उलट. एकाच छताखाली दोन वेगळी चर्च असल्यासारखं वाटलं तर कारण हे.

ही जबाबदारी कागदोपत्री फार काळ टिकली. दशांशाच्या बदल्यात मिळालेली शेतजमीन पुढे विकली गेली, पण चॅन्सल दुरुस्त करायचं ओझं जमिनीला चिकटून राहिलं. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँटलो गावात अशी जमीन असलेल्या एका जोडप्याला चर्चनं दुरुस्तीचं बिल पाठवलं. खटला थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००३ मध्ये ते जोडपं हरलं. रक्कम दोन लाख पाउंडांच्या आसपास होती. इंग्लंडच्या खेड्यात घर घेताना वकील ‘चॅन्सल’ हा शब्द का उच्चारतो, ते आता कळलं असेल.

नेव्हमधला पैसा शोधायचा तर कॉट्सवोल्ड्ससारखी जागा नाही. पंधराव्या शतकात इथली लोकर युरोपभर जात होती आणि व्यापाऱ्यांनी तो पैसा चर्चमध्ये ओतला. नॉर्थलीचला जमिनीत बसवलेल्या पितळी पत्र्यांवर हे व्यापारी दिसतात, पायाखाली मेंढी आणि लोकरीचा गठ्ठा. कमाई कशावर झाली ते झाकायचा प्रयत्नच नाही! फेअरफर्डला जॉन टेम या लोकर-व्यापाऱ्यानं चर्च जवळजवळ नव्यानं बांधलं आणि त्याच्या २८ खिडक्यांत १५०० च्या सुमाराची रंगीत काच आजही आहे. गावचर्चमध्ये इतका पूर्ण संच इंग्लंडमध्ये दुसरीकडे नाही. तिथे दुर्बीण काढा आणि पश्चिमेच्या मोठ्या खिडकीत पापी माणसांना छळणारे सैतान पाहा.

दाराजवळचं बाप्तिस्म्याचं दगडी पात्र म्हणजे फॉन्ट. बाकी चर्च तीनदा बांधलं गेलं तरी फॉन्ट पुष्कळदा नॉर्मन काळातलाच राहतो. त्याच्या काठावर तुटलेल्या लोखंडी कड्यांच्या खुणा शोधा. पवित्र पाणी जादूटोण्यासाठी चोरीला जायचं, म्हणून तेराव्या शतकापासून फॉन्टला झाकण आणि कुलूप घालायचा आदेश होता.

पायरी ५: जे नाही तेही पाहा

आठव्या हेन्रीनं १५३४ मध्ये रोमच्या पोपशी नातं तोडलं, आणि त्याचा मुलगा सहावा एडवर्ड १५४७ मध्ये गादीवर आल्यावर चर्चच्या आत खरी तोडफोड सुरू झाली. त्यापूर्वी भिंती चित्रांनी भरलेल्या असायच्या. चॅन्सलच्या कमानीत लाकडी पडदा, त्यावर सज्जा, त्यावर क्रूसावरचा येशू. ते सगळं उतरवलं, मूर्ती फोडल्या, दगडी वेद्या काढून लाकडी टेबलं मांडली आणि भिंतींना चुना फासला. आज कमानीजवळच्या भिंतीत कुठेच न जाणारा अरुंद जिना दिसतो, तो त्या नाहीशा झालेल्या सज्जाचा. पडदा वाचला असेल तर त्यावरच्या संतांचे चेहरे पाहा. पुष्कळदा नेमके चेहरेच खरवडलेले असतात.

चुन्यानं मात्र काही चित्रं वाचवली. सफकमधल्या वेनहॅस्टनला १८९२ मध्ये दुरुस्ती करताना चॅन्सलच्या कमानीतल्या चुना फासलेल्या जुन्या फळ्या काढून बाहेर कबरींमध्ये टाकून दिल्या. रात्री पाऊस पडला, चुना धुऊन निघाला आणि खाली जगाच्या अंतिम न्यायाचं चित्र दिसलं: आत्मे तोलणारा देवदूत, आ वासलेलं नरकाचं तोंड. त्या फळ्या आता पुन्हा चर्चमध्ये लावल्या आहेत.

ऐकीव गोष्टींपासून मात्र सावध राहा. जवळच ब्लायबरा गावात छतावर लाकडी देवदूतांच्या जोड्या आहेत, आणि त्यांच्या अंगात शिशाच्या गोळ्या सापडल्या. वर्षानुवर्षं सांगितलं जायचं की १६४४ मध्ये मूर्ती फोडत फिरणाऱ्या विल्यम डाउसिंगच्या माणसांनी त्या झाडल्या. डाउसिंग तिथे आला होता हे खरं, पण गोळ्या निघाल्या अठराव्या शतकातल्या, छतात घरटी करणाऱ्या कावळ्याच्या जातीच्या पाखरांवर झाडलेल्या! गाइड जितका रंगून सांगेल तितकं थोडं थांबून ऐका.

रिकाम्या झालेल्या जागी राजा आला. लाकडावर रंगवलेलं राजचिन्ह दिसलं तर त्यावर काळ ओळखायचा सोपा उपाय आहे. इंग्लंडच्या राजाचा फ्रान्सवरचा दावा सांगणारी लिलीची फुलं त्यावर असतील तर ते १८०१ पूर्वीचं. त्या वर्षी ती काढून टाकली गेली.

शेवटचा मोठा थर व्हिक्टोरियन. एकोणिसाव्या शतकात ‘जीर्णोद्धारा’ची लाट आली: प्लास्टर खरवडलं, जुनी उंच पेटीसारखी बाकं फेकली, चकचकीत फरशा आणि एकसारखी पाइनची बाकं आली. यानं कित्येक इमारती कोसळण्यापासून वाचल्या, हे नाकारता येत नाही. पण तेराव्या शतकातलं खरं काम काढून तिथे तेराव्या शतकासारखं दिसणारं नवं काम बसवणं मला अजून पटत नाही. कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिसलाही पटलं नव्हतं. त्यानं १८७७ मध्ये याविरुद्ध संस्था काढली, तिचं टोपणनावच ‘अँटी-स्क्रेप’. त्याच्या प्रयत्नानं वाचलेलं इंगल्शम हे ग्लॉस्टरशर-विल्टशरच्या सीमेवरचं छोटं चर्च आजही वाकड्या बाकांसकट आणि एकावर एक चढलेल्या भिंतीवरच्या लेखांसकट तसंच आहे.

पायरी ६: भिंतीवरच्या पाट्या वाचा

संगमरवरी पाट्यांमध्ये ‘मद्रास’, ‘बेंगॉल’, ‘बॉम्बे’ हे शब्द शोधा. सापडतील. कंपनीच्या नोकरीतून आलेला पैसा गावी परतल्यावर जमिनीत आणि चर्चमध्ये गेला. श्रॉपशरमधल्या मॉर्टन से इथल्या साध्याशा चर्चमध्ये रॉबर्ट क्लाइव्ह पुरलेला आहे. नेमकी कबर कुठे, त्याची खूण नाही, फक्त एक छोटी पाटी. ग्लॉस्टरशरमधल्या डेल्सफर्डच्या चर्चबाहेर, पूर्वेच्या भिंतीलगत, वॉरन हेस्टिंग्जची कबर आहे. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध त्याच्याच कारकिर्दीतलं, आणि १७८२ चा सालबाईचा तह महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीनं झाला तोही.

कुणाचा पूर्वज शोधायचा असेल तर पाट्यांवर थांबू नका. १५३८ पासून प्रत्येक चर्चनं बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं नोंदवायची असा हुकूम होता. त्या जुन्या वह्या आता बहुधा परगण्याच्या अभिलेखागारात असतात.

पायरी ७: निघताना

पेटीत काही पाउंड टाका. हल्ली कार्ड टेकवायचं यंत्रही असतं. छपराची दुरुस्ती सरकार आपणहून करत नाही, ती गावातल्या मूठभर वयस्कर लोकांच्या डोक्यावर असते, आणि छपराचं शिसं चोरीला गेलं तर तोही खर्च त्यांचाच. प्रार्थना बंद झालेली साडेतीनशेहून जास्त चर्च ‘चर्चेस कन्झर्वेशन ट्रस्ट’ सांभाळतो. त्यांतल्या काहींमध्ये पैसे भरून रात्री झोपताही येतं.

टॉवर पाहायचा राहिला असेल तर घंटा वाजवणाऱ्यांच्या सरावाची वेळ फलकावर शोधा, बहुधा आठवड्यातली एखादी संध्याकाळ असते. इंग्लंडमध्ये घंटांवर गाण्याची चाल वाजवत नाहीत, घंटांचा क्रम बदलत वाजवतात. प्रत्येक माणसाकडे एक दोर, आणि सात घंटांचे क्रम न चुकता, एकही परत न येता वाजवायचे तर ५,०४० होतात, म्हणजे तीनेक तासांचं काम. नवीन माणसांची त्यांना कायम टंचाई असते. ‘पाहायला येऊ का?’ विचारलंत तर वर नेतील, आणि बहुधा दोरही हातात देतील. देतील तेव्हा सांगेपर्यंत तो सोडू नका आणि पाय जमिनीवरून उचलू नका.